टाकी धुवायची आहे? आधी आत काय होतं ते सांगा : हाय-प्रेशर वॉटर जेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांच्या टाक्या आतून पाण्याच्या जोरदार धारेने धुवायच्या, हे आमचं काम. आमचा पंप नवी मुंबईतल्या रबाळ्यात उभा असतो. दिघ्यापासून नेरुळपर्यंतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा, तळोजा, वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ अशा सगळीकडून फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. फोनवर घाईघाईत उत्तरं द्यायची आणि जागेवर गेल्यावर वेगळंच निघायचं, हे बरीच वर्षं झालं. म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

तुमचा पंप किती बारचा आहे?

दहातल्या नऊ फोनची सुरुवात याच प्रश्नाने होते. आमच्याकडे वेगवेगळ्या दाबाचे पंप आहेत, पण कुठला आणायचा ते दोन गोष्टी कळल्यावर ठरतं : भिंतीला काय चिकटलंय आणि भिंत कशाची आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘तुमच्याकडे किती पॉवरची गोळी आहे’ असं कोणी विचारत नाही. इथे मात्र विचारतात.

आमचा फिटर ‘केजी’मध्ये बोलतो, कोटेशन बारमध्ये येतं, पंपावर पीएसआय लिहिलेलं असतं. धरायचं काय?

तिन्ही दाबाची मापं आहेत. बार आणि केजी (चौरस सेंटिमीटरवर किती किलो) व्यवहारात एकच धरा, फरक दोनेक टक्क्यांचा आहे. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. गाड्या धुण्याचं मशीन शंभर-दीडशे बारचं असतं. टाकीच्या कामाला तिथून पुढे हजार बारपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जावं लागतं.

दाब जास्त लावला की काम लवकर उरकेल ना?

नेहमी नाही. दाबाचं काम थराला तडा पाडायचं, सुटलेला माल वाहून न्यायचं काम पाण्याच्या प्रमाणाचं, म्हणजे मिनिटाला किती लिटर येतं त्याचं. सुकलेला चुन्याचा थर, जिप्सम, कडक झालेलं रंगाचं कवच ही ठिसूळ मंडळी. त्यांना दाब हवा, कारण एकदा तडा गेला की खपली सुटते. ऑइल स्लज, मळी, ईटीपीचा (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) गाळ हे मऊ. त्यात दाब वाढवाल तर बारीक धारेने लोण्यात सुरीसारखी रेघ पडते आणि बाकीचं जागच्या जागी राहतं. तिथे दाब कमी आणि पाणी जास्त लागतं.

तिसरा प्रकार चिवट : रबरासारखं झालेलं रेझिन, अर्धवट पॉलिमर झालेला माल. त्याला दाब दिला की तो दबतो आणि पुन्हा वर येतो. त्याला आधी फुगवावं किंवा मऊ करावं लागतं, कॉस्टिक सोड्याने किंवा योग्य त्या सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने), आणि मग धार. धुण्याच्या या हिशेबाला १९५९ मध्ये हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी एका वर्तुळात मांडलं : रसायन, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ. एक वाटा कमी केला तर तेवढा दुसऱ्या तिघांत वाढवावा लागतो. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक जोराचा एकच वाटा वाढवून बाकीचे तीन वाचवू पाहतात. रात्रभर भिजत घातलेलं पातेलं सकाळी किती सहज निघतं हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं, कारखान्यात ते विसरायला होतं.

अंतराचंही तसंच. नोझलमधून निघालेली धार हवेत फुटत जाते, तिचा फवारा होतो. दोन हात लांबून हजार बार मारण्यापेक्षा वीतभरावरून पाचशे बार जास्त काम करतं. म्हणून दहा फूट व्यासाच्या टाकीत मॅनहोलमधून गन घालून पलीकडची भिंत धुतली जाईल अशी आशा धरू नका.

आणि नोझल बघा. आमच्यासारख्या प्लंजर पंपात पाण्याचं प्रमाण ठरलेलं असतं, त्यामुळे नोझलच्या भोकाचा व्यास झिजून दहा टक्के जरी वाढला तरी दाब जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. भाड्याने आणलेलं मशीन ‘ताकद देत नाही’ ही तक्रार असेल तर बऱ्याचदा दोष पंपाचा नसतो. काही शे रुपयांच्या झिजलेल्या नोझलचा असतो.

गरम पाण्याने जास्त चांगलं निघत असेल?

तूप लागलेलं पातेलं गरम पाण्याने निघतं. दूध लागलेलं पातेलं आधी थंड पाण्याने विसळायचं असतं, नाहीतर ते भाजून बसतं. टाक्यांचं तंतोतंत असंच आहे. मेण, फर्नेस ऑइल, ग्रीस, चरबी यांना उष्णता हवी. प्रथिनं असलेला माल, लॅटेक्स, रंगात घालायचं बाइंडर इमल्शन यांना गरम पाणी घालू नये.

यात आम्हीही एकदा हात पोळून घेतलेत. धंद्यातली सुरुवातीची वर्षं होती, इमल्शनची टाकी होती, आणि गरम पाणी मारलं तर लवकर निघेल अशी आमची हुशारी. आतला पांढरा ओला थर एकजीव होऊन च्युइंगगमसारखा झाला आणि जाऊन ड्रेन कॉकमध्ये बसला. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं आणि वरच्या तीन दिवसांचे पैसे मागायला तोंड नव्हतं. अशी टाकी रिकामी झाल्या झाल्या, थर सुकायच्या आत, साध्या थंड पाण्याने धुतली तर मोठ्या पंपाची गरजच पडत नाही.

अशी कुठली टाकी आहे का, जिच्यात तुम्ही पाणी मारणार नाही?

आहे. म्हणूनच आत काय होतं हे विचारतो.

थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, ओलियम असल्या मालाचा अवशेष पाण्याशी भडकून वागतो. उष्णता होते आणि विषारी, आम्लधर्मी धूर निघतो. फोमवाल्यांचा टीडीआय (टोल्यूइन डायआयसोसायनेट) पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि मागे ठेवतो तो कडक पॉलियुरिया, जो मूळ मालापेक्षा काढायला कठीण. या टाक्या आधी ठरलेल्या रासायनिक पद्धतीने निष्क्रिय कराव्या लागतात. ते तुमच्या प्रोसेसवाल्यांचं काम आहे, आमच्या गनचं नाही.

सर्वांत फसवी टाकी साध्या सल्फ्युरिक ॲसिडची. ९८ टक्क्यांचं ॲसिड लोखंडी टाकीत वर्षानुवर्षं राहतं आणि टाकीला फारसं खात नाही, त्यामुळे सगळे निर्धास्त असतात. पण तळाच्या चार बोटं ॲसिडमध्ये पाणी गेलं की एक तर ते तापून उसळतं, आणि दुसरं म्हणजे पातळ झालेलं ॲसिड लोखंड खायला लागतं. त्यातून हायड्रोजन निघतो. तो हलका, छताखाली जाऊन साठतो, आणि हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पेट घेतो. नंतर वर कोणी वेल्डिंगला चढलं की संपलं. तेव्हा आधी ॲसिड पूर्ण उपसायचं, उरलेलं काय आणि किती ते बघायचं, मग कशाने न्यूट्रल करायचं ते लेखी ठरवायचं. ‘थोडंच आहे, पाण्यात जाईल वाहून’ हे वाक्य ऐकलं की आम्ही होज गुंडाळतो.

माणूस आत उतरवावाच लागतो का?

शक्य तिथे नाहीच. दोन अक्षांवर फिरणारं, धार मारणारं हेड मॅनहोलमधून लान्सवर (लांब नळीवर) खाली सोडलं की ते स्वतःच फिरत धारेची जाळी विणत जातं. पहिल्या फेरीत जाळी विरळ असते, पुढच्या फेऱ्यांत घट्ट होते. म्हणून ते अर्ध्यात बंद करू नये. माणूस बाहेर, पंपापाशी. आम्ही तरी आधी हेच लावतो, आणि त्याचं भाडं जास्त वाटत असेल तर त्यावर घासाघीस करू नका अशी विनंती आहे.

पण हेडला दिसत नाही ते धुतलं जात नाही. बॅफलची (आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची) मागची बाजू, ॲजिटेटरच्या (माल ढवळणाऱ्या पंख्याच्या) पात्यांचा खालचा भाग, टाकीला पाइप जोडायच्या तोंडांचे कोपरे, आत सोडलेल्या डिपपाइपची सावली. तिथे दुसऱ्या भोकातून हेड सोडायचं किंवा वाकडी लान्स वापरायची. एवढं करूनही उरलेल्या पाच-दहा टक्क्यांसाठी माणूस आत जातो, तेव्हा तो धुतलेल्या, हवा खेळवलेल्या टाकीत जातो. न धुतलेल्या टाकीत खोरं घेऊन उतरण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परमिट तयार आहे, सकाळी आठला गॅस टेस्टही झाली. कामगार दहा वाजता उतरले तर चालेल?

चालणार नाही.

सकाळची टेस्ट सकाळच्या हवेची असते. धार मारायला लागलो की कवच फुटतं आणि कवचाखाली अडकलेला वायू मोकळा होतो. ईटीपीच्या इक्वलायझेशन टाकीत (जिथे सांडपाणी आधी एकत्र साठवतात) हे हमखास होतं. वरून शांत दिसणाऱ्या गाळात हायड्रोजन सल्फाइड दडलेला असतो, ढवळलं की उठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. ‘आता वास गेला’ म्हणून आत जाणारा माणूस नेमका चुकीच्या क्षणी आत जातो.

म्हणून मीटर अंगावर आणि सतत चालू हवा. उतरण्याआधी वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजणी, कारण सॉल्व्हंटच्या वाफा आणि हायड्रोजन सल्फाइड जड असतात, तळाला बसतात. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नको, साडेतेवीसच्या वर नको. ज्वलनशील वाफ एलईएलच्या (हवेत पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) दहा टक्क्यांच्या खाली. नुसती बंद ठेवलेली गंजकी टाकीही धोक्याची असते, कारण गंज चढताना आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. तिथे कुठलं रसायन असण्याची गरजही नसते.

टाकीला येणाऱ्या सगळ्या लाइनी ब्लाइंड (तोंड बंद करणारी धातूची चकती) मारून तोडलेल्या हव्यात, व्हॉल्व्ह बंद केला एवढं पुरत नाही. ॲजिटेटरच्या मोटरला कुलूप आणि चावी आत जाणाऱ्याच्या खिशात. दिवा २४ व्होल्टचा. यातलं काहीही आमच्या मनाचं नाही. बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वीची काळजी आणि सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३६ मध्येच सांगितला, आणि २४ व्होल्टची मर्यादा त्याच्याच पुढच्या ३६-अ मध्ये होती; त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली.

मॅनहोलपाशी उभा असणारा माणूस चहाला जात नाही. आतला कोसळला तर त्याने उडी मारायची नसते, विंचने वर ओढायचं असतं. म्हणून ट्रायपॉड आणि दोर आधीच लावलेले असतात. अशा अपघातांत पहिला माणूस वायूने जातो आणि पुढचे दोघे त्याला वाचवायला गेल्याने, हे आपण दर काही महिन्यांनी पेपरात वाचतोच.

पाणीच मारतोय, आग कशी लागेल?

१९६९ च्या डिसेंबरमध्ये तीन प्रचंड तेलवाहू जहाजं तीन आठवड्यांच्या आत स्फोट होऊन फुटली : मार्पेसा, माक्ट्रा आणि कोंग हाकोन सातवा. तिन्हींच्या रिकाम्या टाक्या तेव्हा पाण्याच्या जोरदार धारांनी धुतल्या जात होत्या. मार्पेसा तर बुडालीच. धार भिंतीवर आपटून जे धुकं होतं ते विजेने भारलेलं असतं, आणि टाकीत तेलाची वाफ व हवा योग्य प्रमाणात असेल तर ठिणगीला निमित्त मिळतं, हे त्यानंतरच्या तपासातून पुढे आलं. तेलवाहू जहाजांच्या टाक्यांत निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची पद्धत रूढ व्हायला या घटनांनी जोर दिला.

आपली टाकी जहाजाएवढी नसते, पण टोल्यूइन तेच असतं. म्हणून सॉल्व्हंटच्या टाकीत आधी नायट्रोजन किंवा पुरेसा वारा, टाकी आणि लान्स दोन्हींना अर्थिंग केलेलं, होज वीज वाहून नेणारी, आणि डिटर्जंट किंवा वाफ सोडण्याआधी दोनदा विचार. वाफेचा झोतही स्टॅटिक तयार करतो. शिवाय गंधकयुक्त तेलाच्या टाकीतला काळा गाळ सुकू द्यायचा नाही. त्यातलं आयर्न सल्फाइड सुकल्यावर हवेत आपोआप तापून पेटू शकतं. तो ओलाच पिंपात भरायचा.

ग्लासलाइन्ड (आतून काचेचं अस्तर असलेला) रिॲक्टर, रबर लायनिंग, एफआरपी (फायबर घातलेलं प्लास्टिक) : चालतं का?

चालतं, पण मर्यादा लायनिंग बनवणाऱ्याने लिहून दिलेली असते, तीच धरायची. ग्लासलाइन्डमध्ये शून्य अंशाची टोकदार धार नको, पंख्यासारखी पसरट हवी. आणि गरम रिॲक्टरवर थंड पाणी कधीच नाही, काच तडकते. धातूची लान्स आत आपटू नये म्हणून तिच्यावर नायलॉनची बाही चढवतो. रबराचा एक कोपरा आधीच सुटलेला असेल तर धार त्याच्याखाली शिरून सगळी चादर उचलते. म्हणून आधी आतले फोटो काढून तुमची सही घेतो, नंतर वाद नको.

स्टेनलेस स्टीलला दाबाने काही होत नाही. त्याला त्रास देतं ते पाणी. खाडीकडच्या बोअरचं मचूळ पाणी वापरून टाकी तशीच सुकवली तर क्लोराइडमुळे खड्डे पडतात. शेवटचा हात चांगल्या पाण्याचा हवा.

पाणी किती लागेल?

मिनिटाला २० लिटरचा पंप प्रत्यक्ष पाच तास चालला तर ६,००० लिटर. साध्या पाइपाने तेवढीच टाकी धुवायला याच्या कितीतरी पट जातं. बारवी धरणाचं पाणी असतं तोवर प्रश्न नाही, पण एमआयडीसीच्या शटडाऊनची नोटीस आलेली असेल तर तारीख आधी कळवा. टँकरचं पाणी चालेल, गाळून घेतो. रेती गेली की नोझल आणि पंपाचं सील दोन्ही जातं.

मग हे घाण पाणी कुठे सोडायचं?

पावसाळी गटारात नाही. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. टीटीसीतले नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि तीच खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे व २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. पावसात रात्री सोडलं की कळत नाही असं सुचवणारे अजूनही भेटतात. आम्ही ते काम घेत नाही.

सरळ मार्ग असा : धुणं तुमच्या ईटीपीत, पण एकदम नाही. आधी वेगळ्या टाकीत साठवून, पीएच आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) तपासून, थोडं थोडं सोडायचं. एका दिवसात सगळं लोटलं तर ईटीपीतले जिवाणू मरतात आणि पुढचा महिनाभर आउटलेट बिघडतं, मग सामाईक सांडपाणी केंद्राची नोटीस येते. ऑइल स्लजच्या टाकीत डिटर्जंट वापरायला आम्ही नाखूश असतो ते यासाठीच. टाकी चकाचक होते आणि तेल-पाण्याचं असं इमल्शन होतं की ऑइल सेपरेटर हात टेकतो.

गाळ हा घातक कचरा. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तेलाच्या टाक्या साफ करताना निघणारा गाळ आणि धुणं यांची नोंदच आहे. तुमच्या संमतिपत्रात तो प्रकार आणि प्रमाण आहे का ते आधी बघा. नसेल तर काम सुरू होण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून करून घ्या. पिंपावर लेबल, मॅनिफेस्ट (माल नेतानाचा कागद) म्हणजे फॉर्म १०, साठवण ९० दिवसांच्या आत, आणि माल तळोज्याच्या सामाईक केंद्रात. कचरा तुमचा असतो, आमचा नाही. ‘तुम्हीच घेऊन जा ना’ हे शक्य नाही.

मशीन फक्त भाड्याने द्या, गन आमचा हेल्पर धरेल.

५०० बार आणि मिनिटाला २० लिटर म्हणजे गन जवळजवळ ११ किलोच्या जोराने मागे ढकलते. पाणी दुप्पट केलं तर जोरही दुप्पट. दाब दुप्पट केला तर साधारण दीडपट. हा जोर एक-दोन मिनिटं कोणीही धरतो. ओल्या, निसरड्या तळावर तासभर धरणं वेगळं. गनचा ट्रिगर सोडला की दाब लगेच उतरला पाहिजे. ट्रिगरला तार बांधून ठेवलेली गन आम्ही पाहिलीय, ‘बोट दुखतं’ म्हणून. हेल्परला तीन दिवस आमच्या माणसाबरोबर उभं करा, मग बघू.

पाण्याच्या धारेने किती लागणार?

५०० बारला धार सेकंदाला ३०० मीटरहून जास्त वेगाने निघते, आवाजाच्या वेगाच्या जवळ. ती कातडीतून आत शिरते आणि बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं. रक्तही फारसं येत नाही. माणूस म्हणतो काही नाही, रुमाल बांधतो, आणि आत बोटापासून मनगटापर्यंत घाण पाणी पसरलेलं असतं. ही सर्जनची केस आहे, कंपाउंडरची नाही. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, दाब किती होता आणि टाकीत कुठलं रसायन होतं ते सांगा. आमच्या प्रत्येक माणसाच्या खिशात असं लिहिलेलं कार्ड असतं, कारण त्या वेळी कोणाला काही आठवत नाही.

वर्षातून कधी करून घ्यावं?

कारखान्यांना खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात सगळंच हवं असतं, आणि गणपतीत आमची निम्मी माणसं कोकणात असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात पीव्हीसी सूट घालून पत्र्याच्या टाकीत माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही, पाळ्या लावाव्या लागतात, खर्च वाढतो. पावसाळ्यात लोखंडी टाकी धुतली तर काही तासांत तांबूस गंज चढतो. आतून रंग द्यायचा असेल तर पेंटरला त्याच दिवशी बोलवा.

टाकी साफ झाली हे कोण ठरवणार?

आधी ठरवा, नंतर नाही. नुसती तपासणी करून जाडी मोजायची असेल तर उघडा पत्रा दिसला की झालं. माल बदलायचा असेल तर शेवटच्या धुण्याचा नमुना तुमच्या लॅबमध्ये पास व्हायला हवा. ‘स्वच्छ’ हा शब्द वर्क ऑर्डरमध्ये एकटा लिहू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, दर सांगा ना.

फोटोत सगळे थर तपकिरी दिसतात. मूठभर खपली खरवडून बंद बरणीत घालून ठेवा. आम्ही ती थंड पाण्यात, गरम पाण्यात आणि थोड्या कॉस्टिकमध्ये टाकून बघतो, मग बोलतो. बरणीवर मालाचं नाव हवंच, शिवाय त्या टाकीत आधी काय काय भरलं होतं तेही. मागच्या पाच वर्षांतलं आठवत नसेल तर स्टोअरमधल्या जुन्या माणसाला विचारा, त्याला आठवतं. फक्त ‘टाकी नं. ४’ एवढंच लिहिलेली बरणी आमच्या शेल्फवर गेल्या दिवाळीपासून पडून आहे.